गोल अडवणारा लेव याशिन



या वेळी गुरुजींनी आम्हाला थोर व्यक्तींची माहिती लिहायला सांगितली. कोणी शिवाजी महाराजांची लिहिली, कोणी सावित्रीबाईंची, कोणी शाहू महाराजांची. मी फुटबॉल खेळणाऱ्या माणसाची लिहिली आहे. त्याचे नाव लेव याशिन. तो रशियाचा होता. तो गोली होता, म्हणजे गोलरक्षक. मोठ्या माणसाला ते म्हणावे हे मला माहीत आहे. पण मीसुद्धा गोली आहे, म्हणून तो मला आमच्यातलाच वाटतो. गुरुजी म्हणाले, चालेल, तो लिही.

हा विषय मी का घेतला ते आधी सांगतो. आमच्या कोल्हापूरकडे फुटबॉल लई खेळतात. शहरात तालमींचे संघ आहेत. मामा मला एकदा शाहू स्टेडियमवर मॅच बघायला घेऊन गेला होता. आम्ही गावात माळावर खेळतो. दोन बाजूला दोन-दोन दगड ठेवले की झाला गोल.

यंदा यात्रेच्या दुसऱ्या दिवशी वाडीच्या पोरांबरोबर आमची मॅच होती. मी गोली होतो. मी चार-पाच बॉल अडवले. पण अगदी शेवटाला एक साधा बॉल सरपटत आला आणि माझ्या दोन पायांच्या मधून गेला. आम्ही एक गोलने हरलो. सगळ्यात चांगल्या खेळाडूला कंपासपेटी बक्षीस होती. ती गोल मारणाऱ्या पोराला मिळाली. येताना वाटेत माझ्याशी कोणी बोलले नाही. पुढच्या वेळी गोली बदलायचा असे मागून कोणीतरी म्हणाले, ते मला ऐकू आले. मी कडब्याच्या गंजीमागे जाऊन रडलो. मग आठ दिवस मी माळावर गेलोच नाही. खेळाच्या तासाला पारावर बसून राहिलो.

गुरुजींनी ते बघितले. ते रागावले नाहीत. ते माझ्याजवळ पारावर बसले आणि त्यांनी मला याशिनची गोष्ट सांगितली. मी ती वहीत उतरवून घेतली. तीच इथे लिहीत आहे.

लेव याशिनचा जन्म २२ ऑक्टोबर १९२९ रोजी मॉस्को शहरात झाला. मॉस्को ही रशियाची राजधानी आहे. त्या वेळी त्या देशाला सोव्हिएत संघ म्हणत. त्याच्या वडिलांचे नाव इव्हान होते. ते कारखान्यात कामगार होते. घरची गरिबी होती. लेव लहान असतानाच त्याची आई वारली. थंडीत तिकडे सगळीकडे बर्फ पडते. लेव आणि गल्लीतली पोरं उन्हाळ्यात बॉल खेळायची आणि थंडीत बर्फावर खेळायची.

१९४१ साली जर्मनीने त्यांच्या देशावर हल्ला केला आणि मोठे युद्ध सुरू झाले. त्याच्या वडिलांचा कारखाना मॉस्कोहून लांब उल्यानोव्स्क या गावी हलवला. घरचे सगळे तिकडे गेले. मोठी माणसे लढाईवर गेल्यामुळे कारखान्यात माणसे कमी पडू लागली. मग लेवसुद्धा कामाला लागला. तेव्हा तो बारा-तेरा वर्षांचा होता. म्हणजे आमच्या सातवीच्या पोरांएवढा. त्या कारखान्यात लढाईचे सामान तयार व्हायचे. लेव यंत्रावर उभा राहून लोखंडाचे काम करायचा. या कामाबद्दल पुढे त्याला सरकारने पदक दिले. त्याला मिळालेले पहिले मोठे बक्षीस फुटबॉलचे नव्हते, कामाचे होते. हे मला फार आवडले.

युद्ध १९४५ साली संपले. लेव कारखान्यातच काम करत होता आणि कारखान्याच्या संघात खेळत होता. पण अठराव्या वर्षी तो मनाने फार थकला. लहानपणापासून नुसते काम आणि काम. त्याला कशातच गोडी वाटेना. त्याने काम सोडले. कारखान्याचे काम सोडणे हा त्या काळी तिकडे गुन्हाच होता. मग तो सैन्यात गेला. तिथे तो फुटबॉल खेळायला लागला. त्याचा खेळ अर्कादी चेर्निशेव नावाच्या प्रशिक्षकांनी बघितला आणि त्याला डायनॅमो मॉस्को या मोठ्या संघाच्या लहान संघात घेतले. हे १९४९ साल होते. त्यानंतर तो दुसऱ्या कोणत्याच क्लबकडून फुटबॉल खेळला नाही. शेवटपर्यंत डायनॅमोचाच राहिला.

आता नीट ऐका. इथे माझ्यासारखी गोष्ट आहे.

१९५० साली याशिनला मोठ्या संघातून खेळायला मिळाले. ती सरावाची मॅच होती. समोरच्या संघाच्या गोलीने आपल्या गोलजवळून बॉल लांब मारला. वाऱ्याने तो बॉल आणखी पुढे आला. याशिन तो धरायला वर बघत पळाला आणि आपल्याच गड्यावर जाऊन आपटला. दोघे खाली पडले आणि बॉल टप्पा घेऊन गोलमध्ये गेला. म्हणजे गोलीने मारलेला बॉल गोलीला अडवता आला नाही! तिथे बसलेले मोठे खेळाडू पोट धरून हसले. त्याच वर्षी त्याला खऱ्या मॅचमध्येही संधी मिळाली. तीही फसली. मग त्याला परत राखीव खेळाडूंत बसवले.

तेव्हा डायनॅमोचा मुख्य गोली अलेक्सेई खोमिच होता. त्याला लोक वाघ म्हणत. त्याच्या जागी उभे राहायचे म्हणजे सोपे नव्हते. याशिन तीन वर्षे वाट बघत राहिला. पण नुसता बसला नाही. तो डायनॅमोच्या आइस हॉकीच्या संघात गोली झाला. आइस हॉकी हा बर्फावर खेळायचा खेळ आहे. त्यात बॉल नसतो, बिस्किटासारखी रबराची चपटी चकती असते आणि ती गोळीसारखी येते. एवढीशी चकती धरायची सवय झाल्यावर फुटबॉल केवढा मोठा दिसत असेल! १९५३ साली हॉकीत त्याच्या संघाने देशाचा चषक जिंकला. त्याच वर्षी तो डायनॅमोच्या फुटबॉल संघात परत आला, आणि मग त्याची जागा कोणी घेतली नाही. १९५४ पासून तो देशाकडूनही खेळू लागला.

तो उंच होता. अंगात काळ्या रंगाचे कपडे घालायचा आणि डोक्यावर कापडी टोपी. हात लांब होते. आठ पायांच्या कोळ्यासारखा तो कुठूनही बॉल धरायचा, म्हणून लोक त्याला काळा कोळी म्हणू लागले. मीपण आजोबांकडे टोपी मागितली होती. आजोबांनी दिली नाही.

याशिनच्या आधी गोली बहुतेक गोलच्या रेषेवर उभे राहायचे आणि बॉल यायची वाट बघायचे. याशिन तसे करत नव्हता. तो पुढे पळत जाऊन बॉल आधीच घ्यायचा. धरता येत नसेल तर मुठीने लांब मारायचा. बॉल हातात आला की लगेच आपल्या गड्याकडे फेकायचा, म्हणजे आपला हल्ला सुरू. आणि सारखा ओरडून आपल्या गड्यांना सांगायचा, तू इकडे थांब, तू त्याला धर. गोलीला सगळे मैदान दिसते, म्हणून त्याने बोलले पाहिजे. मी मॅचमध्ये गप्प उभा होतो. ही माझी चूक मला आता कळली.

१९५६ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे ऑलिंपिक झाले. त्यात आपला भारताचा संघपण होता. गोव्याचा नेव्हिल डिसोझा आपल्याकडून खेळत होता. त्याने ऑस्ट्रेलियाला एकाच मॅचमध्ये तीन गोल मारले आणि आपण ४-२ ने जिंकलो. पुढे युगोस्लाव्हियाने आपल्याला ४-१ ने हरवले आणि मग बल्गेरियाने ३-० ने हरवले. आपला चौथा नंबर आला. आणि गंमत बघा, याशिनच्या संघाने त्याच दोघांना हरवले. बल्गेरियाला २-१ ने आणि शेवटच्या मॅचमध्ये युगोस्लाव्हियाला १-० ने. आपल्याला चार गोल मारणाऱ्या युगोस्लाव्हियाला याशिनने एकही गोल मारू दिला नाही. त्याला सोन्याचे पदक मिळाले. १९६० साली युरोपातल्या देशांची पहिली मोठी स्पर्धा झाली. शेवटची मॅच पॅरिसला होती. तीही त्याच्या देशाने जिंकली.

आता सगळे चांगले झाले असे वाटते. पण तसे झाले नाही.

१९६२ साली दक्षिण अमेरिकेतील चिली देशात विश्वचषक होता. कोलंबियाबरोबरच्या मॅचमध्ये सोव्हिएत संघ ४-१ असा पुढे होता. तरी मॅच ४-४ अशी सुटली. त्यातला एक बॉल तर कोपऱ्यावरून मारलेला सरळ गोलमध्ये गेला. नंतर चिलीबरोबर ते १-२ ने हरले आणि घरी आले. तिकडे रशियात लोकांनी ती मॅच डोळ्यांनी बघितलीच नव्हती. वर्तमानपत्रात याशिनमुळे हरलो असे आले, ते त्यांनी वाचले आणि सगळ्यांनी त्यालाच दोष दिला. त्याच्या घराच्या खिडक्यांच्या काचा फोडल्या. रागाची पत्रे पाठवली. मैदानावर त्याचे नाव पुकारले की लोक शिट्ट्या मारून हिणवायचे. सहा वर्षांपूर्वी सोने आणले ते लोक विसरले, दोन वर्षांपूर्वीचा चषक विसरले. एवढा मोठा गडी, पण त्याला वाटले की आता खेळ सोडून द्यावा. तेव्हा तो ३२ वर्षांचा होता.

गुरुजींनी हे सांगितले तेव्हा मी गप्प झालो. माझ्या घराच्या काचा कोणी फोडल्या नव्हत्या. नुसते बोलले नव्हते एवढेच. तरी मला किती वाईट वाटले. मग त्याला किती वाटले असेल.

पण त्याने खेळ सोडला नाही. काही दिवस तो लांब राहिला. त्याला मासे धरायची आवड होती. गळ टाकून पाण्याजवळ शांत बसायचा. मग हळूहळू परत सराव सुरू केला. १९६३ साली त्याने देशातल्या मोठ्या स्पर्धेत २७ मॅच खेळल्या आणि सगळ्या मिळून फक्त ६ गोल होऊ दिले. मी हे दोनदा विचारून घेतले. सत्तावीस मॅच आणि सहा गोल! त्या वर्षी डायनॅमोचा पहिला नंबर आला.

त्याच वर्षी इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेला शंभर वर्षे झाली. म्हणून लंडनच्या वेम्बली मैदानावर २३ ऑक्टोबरला एक मॅच ठेवली. एका बाजूला इंग्लंड आणि दुसऱ्या बाजूला बाकीच्या जगातले निवडलेले खेळाडू. जगाचा गोली म्हणून याशिनला बोलावले. आदल्या दिवशीच त्याला ३४ वर्षे पुरी झाली होती. तो पहिल्या अर्ध्या वेळात खेळला आणि इंग्लंडला त्याने एकही गोल करू दिला नाही. दुसऱ्या अर्ध्या वेळात दुसरा गोली आला. शेवटी इंग्लंड २-१ ने जिंकले, पण याशिनचे नाव सगळीकडे झाले.

आता बक्षिसाची माहिती सांगतो. फ्रान्स देशात फ्रान्स फुटबॉल नावाचे नियतकालिक आहे. त्यांनी १९५६ पासून वर्षातल्या सगळ्यात चांगल्या खेळाडूला सोन्याचा बॉल द्यायला सुरुवात केली. त्या बक्षिसाला त्यांच्या भाषेत बलॉन दोर म्हणतात. त्याचा अर्थ सोन्याचा बॉल असाच आहे. तेव्हा युरोपातल्या प्रत्येक देशातला एक पत्रकार मत द्यायचा आणि ज्याला जास्त गुण मिळतील त्याचा पहिला नंबर यायचा. पहिला बॉल इंग्लंडच्या स्टॅन्ली मॅथ्यूजला मिळाला. तो तेव्हा ४१ वर्षांचा होता. सुरुवातीला हे बक्षीस फक्त युरोपातल्या खेळाडूंना होते. म्हणून ब्राझीलचा पेले एवढा मोठा, पण खेळत असताना त्याला ते मिळाले नाही. १९९५ पासून युरोपात खेळणाऱ्या कुठल्याही देशाच्या खेळाडूला आणि २००७ पासून सगळ्या जगातल्या खेळाडूंना मिळू लागले.

१९६३ सालचा सोन्याचा बॉल लेव याशिनला मिळाला. इटलीचा जियानी रिव्हेरा दुसरा आणि इंग्लंडचा जिमी ग्रीव्ह्ज तिसरा आला. ते दोघे पुढे खेळणारे, गोल मारणारे होते. त्यांच्या वर एक गोल अडवणारा आला. आदल्या वर्षी ज्याच्या काचा फोडल्या, तोच या वर्षी सगळ्यात चांगला ठरला.

आणि खरी गोष्ट पुढेच आहे. १९५६ पासून हे बक्षीस देतात. फक्त २०२० साली करोनामुळे दिले नव्हते. एवढ्या वर्षांत ते मिळालेला गोली एकच, तो म्हणजे याशिन. इटलीचा झोफ १९७३ साली आणि बुफाँ २००६ साली दुसरा आला. जर्मनीचा कान तिसरा आला, नॉयरपण तिसरा आला. पहिला कोणी आला नाही. मी गुरुजींना विचारले, असे का? गुरुजी म्हणाले की गोल झाला की तो सगळ्यांना दिसतो, पण न झालेला गोल कोणाच्या ध्यानात राहत नाही. हे मी घरी आईला सांगितले. आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, घरातल्या कामाचंपण तसंच असतंय बघ.

याशिन १९६६ च्या विश्वचषकातही खेळला आणि त्याचा देश चौथा आला. डायनॅमोकडून त्याने देशातली मोठी स्पर्धा पाच वेळा जिंकली. २७ मे १९७१ रोजी मॉस्कोच्या मोठ्या मैदानावर त्याच्या निरोपाची मॅच झाली. एक लाखाच्या वर माणसे आली होती. इंग्लंडचा बॉबी चार्ल्टन, जर्मनीचा गेर्ड म्युलर असे मोठे खेळाडू त्याच्यासाठी मुद्दाम आले. ज्या शहरात त्याला शिट्ट्या मारल्या, त्याच शहरात एवढी माणसे त्याच्यासाठी आली. मॅचमध्ये बाहेर जाताना त्याने आपले हातमोजे पुढच्या तरुण गोलीला दिले.

याशिनची एक गोष्ट आपण घ्यायची नाही. तो सिगारेट फार ओढायचा. पुढे त्याचा एक पाय दुखण्यामुळे कापावा लागला. बॉलवर झेप घेणाऱ्या माणसाला कुबड्या घेऊन चालावे लागले. नंतर त्याला पोटाचा कर्करोग झाला आणि २० मार्च १९९० रोजी तो मॉस्कोत वारला. तेव्हा तो ६० वर्षांचा होता. हे लिहिताना मला वाईट वाटले.

पण त्याचे नाव राहिले. २०१९ पासून फ्रान्स फुटबॉलवाले दरवर्षी जगातल्या सगळ्यात चांगल्या गोलीला वेगळे बक्षीस देतात. त्या बक्षिसाचे नावच याशिन चषक आहे. पहिल्या वर्षी तो ब्राझीलच्या अलिसन बेकरला मिळाला. आता गोलीला दरवर्षी बक्षीस मिळते, ते याशिनच्या नावाने.

माझी गोष्ट थोडी राहिली आहे. ही माहिती लिहून झाल्यावर मी परवा माळावर गेलो. दोन दगडांच्या मध्ये जाऊन उभा राहिलो. पोरं आधी काही बोलली नाहीत. मग एकाने बॉल मारला आणि मी तो धरला. दुसरा बॉल गेला, तिसरा धरला. मी ओरडून सांगत होतो, तू मागे ये, तू त्याला धर. पोरं हसली, पण मागे आली. आईने मला जुन्या गोधडीच्या तुकड्यांचे गुडघ्याला बांधायचे करून दिले आहे. आता खाली पडले तरी खरचटत नाही.

पुढच्या महिन्यात वाडीबरोबर परत मॅच आहे. मी गोलमध्ये उभा राहणार आहे. कदाचित परत गोल जाईल. गेला तर माझ्यावर थोडा वेळ रागवा, पण येताना वाटेत माझ्याशी बोला. आणि पालकांनो, तुम्ही मॅच बघायला आलात तर गोल मारणाऱ्याला टाळ्या वाजवाच, पण मधून मधून गोलीकडेपण बघा.

लेव याशिनपासून आपण हा बोध घेतला पाहिजे की एकदा चुकले म्हणून माणूस वाया जात नाही. परत उभे राहिले पाहिजे आणि बाकीच्यांनी त्याला उभे राहू दिले पाहिजे.

माझे अक्षर वाचताना त्रास झाला असेल तर क्षमा करावी.

इयत्ता चौथीतील एक विद्यार्थी
(माळावरचा गोली)